रिअल की आजी

मीनाक्षीबाई टिपणीसांना खोटं बोलणारी माणसं मुळीच खपत नसत. त्या स्वतः फक्त थापा मारत. खोटं माणूस आपल्या फायद्यासाठी बोलतो आणि थाप समोरच्याचा जीव भांड्यात पडावा म्हणून मारतो, असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्राच्या जोरावर त्यांनी अबुधाबीत सदतीस वर्षं झकास संसार केला होता.

सुरुवात सासूबाईंपासून झाली. लग्नानंतर बाई इकडे आल्या तेव्हा ठाण्याला सासूबाईंना घोर लागला, वाळवंटात माझ्या राजनला पाणी कुठून मिळणार. बाईंनी पत्रात ठोकून दिलं की घरामागे मोठी नदी आहे, बायका घाटावर धुणं धुवायला येतात. सासूबाईंनी अकरा वर्षं ही नदी सगळ्या आळीला ऐकवली आणि बाराव्या वर्षी त्या स्वतःच विमानाने आल्या. दुसरी कुणी असती तर तोंड लपवलं असतं. मीनाक्षीबाईंनी त्यांना कॉर्निशवर नेलं, अथांग समुद्रापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "आज भरती आहे ना, म्हणून जरा मोठी दिसतेय."

नवरा अगदी उलट. राजन टिपणीस बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. दहा मजली इमारतीला विटा किती लागतील हे विटेच्या तुकड्यासकट सांगणारा माणूस. बायको थाप मारायला लागली की ते उठून पाणी प्यायला जात. बोलायचं काहीच नाही, फक्त पाणी प्यायचं. सदतीस वर्षांत इतकं पाणी पोटात गेलं की त्यांना मूतखडा म्हणून कधी झाला नाही.

पण लोकांना बाई हव्या असत, हे कबूल केलंच पाहिजे. पुण्याहून नवीन आलेली मुलगी घराच्या आठवणीने रडायला लागली की तिला त्या सांगत, पहिल्या वर्षी रडलेल्या बायका इथे सगळ्यात सुखी होतात, मी आकडेवारी ठेवली आहे. कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन असलं की आदल्या दिवशी त्या डबा घेऊन हजर. याच सर्जनने माझ्या मामेभावाचं केलं, तो आता नाशिकला क्रिकेट खेळतो, असं त्या सांगत. मीनाक्षीबाईंना मामाच नव्हता. तरी माणूस हसत हसत स्ट्रेचरवर चढे, आणि बरा होऊन आला की मामेभावाची चौकशीही करी.

घरात मुलगा वेदांग, सून वैभवी आणि नात अस्मी. अस्मीला मार्चमध्ये पाचवं संपायचं होतं. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. आजीशेजारी झोपायची, आजीच्या हातून जेवायची आणि आजी सांगेल ते ब्रह्मवाक्य मानायची. हिचं बोरन्हाण मात्र राहून गेलं होतं. पहिल्या संक्रांतीला बाळाचा व्हिसा अडकला, दुसऱ्या वर्षी ताप, तिसऱ्या वर्षी कांजिण्या, मग कोरोना. पाच वर्षांच्या आत हे व्हावंच लागतं. मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या, की बाकीच्या पोरांनी धाड घालून लुटायचं. म्हणून या वर्षी बाईंनी पदर खोचला होता. शारजाला रोल्लाच्या बाजारात माणूस पाठवून ऊस आणवला. बोरं किलोला अठरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये, यावर राजनरावांनी भुवई उंचावली; बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळा हलवा बसून स्वतः दोऱ्यात ओवला. दिवस ठरला जानेवारीच्या शेवटच्या शनिवारचा.

आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळी येमेनच्या बंडखोरांनी अबुधाबीवर हल्ला केला.

मुसफ्फाच्या औद्योगिक भागात तेलाचे टँकर पेटले. वेदांगचं गोदाम मुसफ्फातच. वैभवीचा बँकेतून फोन आला. "आई, वेदांगचा फोन लागत नाहीये."

"अगं, माझं आत्ताच झालं बोलणं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "चहा पितोय तो. नेटवर्क जाम आहे म्हणाला."

त्यांचं कुणाशीही बोलणं झालं नव्हतं. पुढची पस्तीस मिनिटं त्यांनी ओट्यापाशी उभ्याने काढली. हातात चिमटा होता आणि गॅस बंद होता. मग वेदांगचा फोन आला. तो धडधाकट होता. तीन कामगार मात्र गेले होते, त्यांतले दोघं आपल्याकडचे. त्या घरांना असा फोन आला नाही, हा विचार बाईंच्या मनात रात्रभर टोचत राहिला. वैभवी संध्याकाळी गळ्यात पडून म्हणाली, "आई, तुमच्या त्या एका वाक्यावर मी उभी राहिले." बाईंनी तिला गुळपोळी वाढली.

पुढच्या सोमवारी पहाटे सव्वाचारला आकाशात दोन मोठे धमाके झाले. तावदानं थडथडली. पडद्याच्या फटीतून पांढरा उजेड भिंतीवर येऊन गेला. मिसाईलं आली होती आणि ती वरच्या वर पाडली गेली होती, पण हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त अस्मी गादीवर ताठ बसली होती.

"आजी, व्हॉट वॉज दॅट?"

"फटाके गं राणी. लग्न आहे."

आता इथे थांबलं तर मीनाक्षीबाई कसल्या. अस्मीने विचारलं, कोणाचं. झैद नावाच्या मुलाचं. रात्री का? मुहूर्त पहाटेचा निघाला, गुरुजी काय करणार. घोड्यावरून येतोय का तो? छे, उंटावरून, सात उंट आहेत आणि पहिल्या उंटाने गॉगल घातलाय. गॉगल का? फटाक्यांचा उजेड डोळ्यांवर येतो ना. केक आहे? सात मजली, वरच्या मजल्याचा तुकडा हवा असेल तर लिफ्टने जावं लागतं. नवरीचं नाव काय? इथे बाई क्षणभर अडल्या, कारण बाहेर दूरवर सायरन वाजायला लागला होता. "नवरीचं नाव पर्णिका," त्या म्हणाल्या, "आणि ही तिच्या मेकअपवालीची गाडी, उशीर झालाय बिचारीला."

अस्मी खुदकन हसली. मग तिने विचारलं, "आर वुई इन्व्हायटेड?"

शहाण्या माणसाने इथे तरी आवरतं घेतलं असतं.

"रिसेप्शनला," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "निळा फ्रॉक काढून ठेवू उद्या."

पोर पाच मिनिटांत घोरायला लागली. बाहेर पॅसेजमध्ये वेदांग आणि वैभवी फोनचा उजेड तोंडावर घेऊन उभे होते आणि स्वयंपाकघरात राजनराव तिसरा पेला पाणी पीत होते.

नेमकी त्याच सकाळी शाळा उघडली. कोरोनामुळे कित्येक आठवडे स्क्रीनवर असलेली मुलं पुन्हा वर्गात आली. टीचरने गोल करून बसवलं आणि विचारलं, कुणाकडे काही न्यूज आहे? अस्मीचा हात सगळ्यांत आधी वर. तिने झैदचं लग्न सगळं सांगितलं. सात उंट, गॉगल, लिफ्टचा केक, आणि शेवटी, आम्हाला रिसेप्शनला बोलावलंय. तिच्या शेजारी झारा नावाची मुलगी होती, तिची सगळ्यांत लाडकी मैत्रीण. ती शांतपणे म्हणाली, "दॅट वॉज अ मिसाईल. माय डॅड सॉ इट." आणि वर्ग हसला. चार-पाच वर्षांची पोरं हसतात ना, त्यांना भीडमुर्वत कसली ती ठाऊक नसते. टीचरने जवळ घेऊन नीट समजावलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरी आल्यावर अस्मी रडली नाही. तिने दप्तर ठेवलं, बूट काढले आणि आजीपुढे येऊन उभी राहिली.

"देअर वॉज नो कॅमल," ती म्हणाली.

मीनाक्षीबाईंच्या ओठांवर तीन उत्तरं तयार होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "नव्हता," त्या म्हणाल्या.

अस्मी उशी घेऊन जेवणाच्या टेबलाखाली गेली आणि तिने तिथेच बिऱ्हाड केलं. जेवण खाली, झोप खाली. गच्ची नाही, बाग नाही, शाळेच्या बसपर्यंत जायचं तर आईच्या ओढणीत डोकं खुपसून. वरून काहीतरी पडणार ही एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती. आणि आता तिची समजूत घालायची तरी कुणी? आजी म्हणाली, खिचडीत तूप घातलंय, तर टेबलाखालून प्रश्न आला, "मम्मा, इज इट रिअल ऑर इज इट आजी?" बाबा म्हणाला, मिसाईल वरच्या वर फोडलं, आपल्याला काही होणार नाही. पुन्हा तेच, रिअल की आजी? वेदांगला पहिल्यांदा हसू फुटलं. मीनाक्षीबाईही हसल्या. मग त्या न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि बादली भरेस्तोवर रडल्या. आयुष्यभर लोकांचे जीव भांड्यात पाडले आणि स्वतःच्या नातीचा जीव मात्र टांगून ठेवला, याचं त्यांना फार फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी वैभवी म्हणाली, "आई, शनिवारचं रद्द करू या. जिला आभाळातून काही पडेल याची धास्ती, तिच्याच डोक्यावर आपण वाटी वाटी बोरं ओतायची?"

सून चुकीचं बोलत नव्हती. राजनरावांनीही मान हलवली आणि त्यांनी मान हलवली म्हणजे हिशोब चोख असतो. पण मीनाक्षीबाईंना आता बोरन्हाणाचं पडलं नव्हतं. त्यांनी साडी वर खोचली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि रांगत टेबलाखाली शिरल्या.

बासष्ट वर्षं, एक्याऐंशी किलो आणि सहा खुर्च्यांचं टेबल. डोकं गेलं, खांदे गेले, पुढे कंबर अडली. अस्मीने थोडा वेळ पाहिलं, मग एक खुर्ची ढकलली. आजी आत आली. दोघी मांडी घालून, माना वाकवून बसल्या.

"ते मिसाईल होतं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं."

"देन व्हाय डिड यू से वेडिंग?"

"मी घाबरले होते."

अस्मीने आजीकडे नवीनच माणूस पाहावं तसं पाहिलं. "यू?"

"मी. भीती वाटली की कुणी किंचाळतं, कुणी रामरक्षा म्हणतं. मी लग्न लावून देते." अस्मी हसली नाही, म्हणून त्या पुढे बोलत राहिल्या. "त्या आधी बाबा मुसफ्फाला होता ना, तेव्हाही. तुझ्या आईला मी सांगितलं, त्याच्याशी बोलले म्हणून. नव्हते बोलले. नुसती चिमटा धरून उभी होते ओट्यापाशी."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. वैभवी हातात ओला पेला घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा बघायला बाईंना वळायचं होतं, पण टेबलाखाली तेवढी जागाच नव्हती.

"विल इट कम अगेन?" अस्मीने विचारलं.

आयुष्यात इतकं सोपं उत्तर मीनाक्षीबाईंना कधी गिळावं लागलं नव्हतं. नाही गं राणी, कध्धी नाही. बास, एवढंच म्हणायचं होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "येऊ नये असं वाटतं. आलं तर वरच्या वर पाडायला माणसं बसलीयेत, ती रात्रभर जागी असतात. हे खरं आहे, बाबाला विचार हवं तर. पण येईल की नाही ते मला माहीत नाही."

वैभवीने खुर्ची ओढली, टेबलाशी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, चहा ठेवू का तुम्हाला? खाली देऊ?"

"खालीच दे बाई. मला आता निघता येईल असं वाटत नाही."

चहा खाली आला. निम्मा झाल्यावर अस्मीने बोरन्हाणात नक्की काय काय पडतं ते विचारलं. आजीने एकेक जिन्नस सांगितला. चुरमुरे लागत नाहीत. गोळ्या किंचित. बोर टपकन लागतं. उसाचा करवा चांगलाच लागतो.

"हाऊ मच?"

"पेन्सिल डोक्यावर पडल्यासारखा."

"यू फर्स्ट," अस्मी म्हणाली.

अशा रीतीने त्या शनिवारी अबुधाबीत बासष्ट वर्षांच्या आजीचं बोरन्हाण झालं. शास्त्रात बसतं का, असं शेजारच्या एका बाईंनी विचारलं. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "नाही बसत." त्यांच्या तोंडून इतकं छोटं उत्तर ऐकून त्या बाईंनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. काळी चंद्रकळा नेसून त्या पाटावर बसल्या. अस्मीच्या मापाचा हलव्याचा मुकुट त्यांच्या अंबाड्यावर दोन रबरबँडांनी बांधला होता आणि कंबरपट्टा जेमतेम मनगटाला पुरला. सहा पोरं भोवती टपून बसली होती. झाराही होती, तिला हा सगळा प्रकार अतिशय आवडला होता. राजनरावांनी बायकोला ओवाळलं. हात इतका कापत होता हसण्याने, की निरांजन विझलं आणि पुन्हा लावावं लागलं.

अस्मी टेबलाखालून बाहेर आली ती सरळ खुर्चीवर चढली. वैभवीने तिच्या हातात भांडं दिलं. तिने एकदा आजीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि भांडं उपडं केलं. चुरमुरे उडाले, बोरं टणाटणा उसळली, गोळ्या सोफ्याखाली पळाल्या आणि एक जाडजूड करवा थेट मीनाक्षीबाईंच्या नाकावर बसला. पोरांनी झडप घातली. तीन पोरं आजीच्या मांडीवर आडवी पडली, एकाने मुकुटातले चार दाणे हातोहात लांबवले. या गोंधळात अस्मी खुर्चीवरून वाकून विचारत होती, "डिड इट हर्ट?"

सगळी मोठी माणसं बाईंकडे बघायला लागली.

"हो," मीनाक्षीबाई नाक चोळत म्हणाल्या. "नाकाला लागलं. डोक्याला नाही."

अस्मी खाली उतरली, तिने नाक जवळून तपासलं. ते लाल झालं होतं. मग ती खोखो हसत सुटली. पाच दिवसांचं साठलेलं हसू, पोट धरून, जमिनीवर लोळून. वैभवी हसता हसता रडायला लागली आणि वेदांग तिला चुरमुऱ्यांतून वाट काढत रुमाल द्यायला गेला. "माय टर्न," अस्मी म्हणाली. आजी पाटावरून उठायला लागली तर तिने तिला दंडाला धरून खाली बसवलं. "यू सिट हिअर. अँड नो ऊस."

करवे निवडून बाजूला काढले. काळा फ्रॉक, हलव्याचे बाजूबंद, मुकुट आता योग्य डोक्यावर. अस्मी आजीला टेकून पाटावर बसली. वैभवीने भांडं उचललं.

आणि बाहेर धाडकन आवाज झाला.

वैभवीचा हात हवेत राहिला. वेदांग गच्चीकडे धावला. राजनरावांनी पाण्याचा पेला उचलला, पण ओठांना लावला नाही. त्यांनाही, खरं सांगायचं तर, या वेळी थापच हवी होती. मीनाक्षीबाईंकडे सगळे तशाच आशेने बघत होते. अस्मीही मान वर करून आजीकडेच बघत होती, आईकडे नाही.

"आजी, काय होतं ते?" तिने विचारलं. चक्क मराठीत.

"मला माहीत नाही गं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापला आणि त्यांनी तो कापू दिला. "मी पण दचकले."

गच्चीतून वेदांग ओरडला की खाली ट्रकमधून परांचीचे पाइप उतरवतायत, एक जुडगा निसटला. अस्मीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पाटावर गुडघ्यांवर उभी राहिली, आजीच्या डोक्यावर आपले दोन्ही तळवे पालथे ठेवले, बोटं पसरून होईल तेवढं डोकं झाकलं आणि आईला म्हणाली, "ओके. आता टाक."